पामरचा घंटावाला

सॅम्युअल पामर या इंग्रज चित्रकाराचे ‘द बेलमन’ हे एचिंग १८७९ सालचे. आकाराने वहीच्या पानाएवढे. तिन्हीसांजा होऊन गेल्या आहेत, गुरे विसावली आहेत, खिडक्यांतून दिवे लागले आहेत आणि हाती घंटा घेऊन एक माणूस गावच्या रस्त्याने चालला आहे. निमित्त मिल्टनच्या काव्याचे. पण खेडे मात्र केंट परगण्यातले शोरम, जेथे पामरची ऐन तारुण्यातील वर्षे गेली.

या शोरमला १८६२ साली आगगाडी आली. त्याच वर्षी पामर रेडहिलला राहावयास गेला, आणि रेडहिल हे तर आगगाडीच्याच जंक्शनाभोवती वाढलेले गाव! तेथे बसून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने आगगाडीपूर्वीचे शोरम तांब्यावर कोरले.

कोरले म्हणण्यापेक्षा तेजाबाकडून कोरवून घेतले. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात सोडायचा. उघडे पडलेले तांबे तेजाब खाते. रेघ जितकी खोल, तितकी शाई अधिक आणि काळोख दाट. पुरेशी खोल झालेली रेघ वार्निशाने झाकून बाकीच्या पुन्हा तेजाबात. त्याच्याच काळातला सीमोर हेडन निसर्गासमोर उभा राहून झपाट्याने रेखाटी, कोरा कागद मोकळा सोडी. पामर मात्र एकेका पत्र्यावर महिनोन्महिने रेंगाळे. त्याचा काळोख रेघांवर रेघा विणून झालेला असतो आणि त्या विणीतून कागदाचे पांढरे कण लुकलुकत राहतात. भिंग घेऊन पाहावे असे हे काम आहे.

त्याने आगगाडी वगळली याबद्दल माझी तक्रार नाही. आठवणीतले गाव रंगवणाऱ्याने स्टेशनही दाखवावे, हा हट्ट कारकुनी झाला. खटकते ते निराळेच. १८३० साली केंटमधल्याच शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, कारण हिवाळ्यातले हातचे काम त्या यंत्रांनी नेले होते. पामर तेव्हा शोरमलाच होता. आणि १८३२ साली त्याने मतदारांसाठी पत्रक काढले ते सुधारणावाद्यांच्या विरोधात. म्हणजे आगगाडी येण्यापूर्वीच हे खेडे आतून पोखरले होते. त्या भुकेची एक रेघही या पत्र्यावर उमटलेली नाही.

तरीही चित्र खोटे वाटत नाही. उजेड आहे तो खिडक्यांच्या आत. घंटावाला बाहेर, काळोखात आहे, आणि त्याच्यासाठी कोणीही दार उघडलेले नाही.