सोलापूरचे भाषण आणि ख्रिस्ती मतदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन विभूतींविषयीचा आपला आदर त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने सांगितला आणि लगेच श्रोत्यांपुढे एक कठोर प्रश्न ठेवला. तुमच्या समाजात शिक्षण आहे. मुली परिचारिका झाल्या, मुले शिक्षक व कारकून झाली. तथापि आपल्या अशिक्षित बांधवांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ही शिकलेली मंडळी उभी राहिली काय? राजकारणाकडे केलेल्या दुर्लक्षामुळे तुमच्या हक्कांसाठी भांडणारा माणूस आज तुमच्यात नाही, असा त्या भाषणाचा आशय होता.

आमच्या अभ्यासकांत हे भाषण बहुधा निकालपत्र म्हणून वाचले जाते. ख्रिस्ती धर्म माणसाला नागरिक म्हणून निष्क्रिय करतो, असे बाबासाहेबांनीच ठरवून टाकले आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. निवडणूक जवळ आली की ‘ख्रिस्ती माणूस पाळक सांगेल तेथे मत देतो व एरवी सार्वजनिक कार्यात दिसत नाही’ हे वाक्यही सहज उच्चारले जाते. या वाचनाला आमचा आक्षेप आहे. बाबासाहेबांनी तेथे निकाल दिलेला नाही, प्रश्न विचारला आहे; आणि त्या प्रश्नाची उकल त्यांच्याच अन्य लेखनात व पुढील इतिहासात शोधली पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनाच्या स्थितीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात या निष्क्रियतेची दोन कारणे आढळतात. पहिले कारण शिकवणुकीतील आहे. आपल्या दुःखाचे मूळ सभोवतालच्या समाजव्यवस्थेत आहे असे मानणारा अस्पृश्य, धर्मांतरानंतर ते मूळ स्वतःच्या पापात शोधू लागतो. मग व्यवस्थेशी झगडण्याची प्रेरणा मंदावते. दुसरे कारण समाजरचनेतील आहे. ख्रिस्ती समाजातील सुशिक्षित वर्ग मुख्यतः स्पृश्य जातींतून आलेला, तर दुःख भोगणारा वर्ग अस्पृश्यांतून आलेला. चर्चमध्ये एकत्र बसणाऱ्या या दोहोंत जात शिल्लक राहिली. म्हणून एकाचे दुःख दुसऱ्याचा लढा झाले नाही.

या दोन कारणांपैकी कोणते अधिक वजनाचे, हे ठरविण्यास वसईचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासूनचा, मोठ्या प्रमाणावर शेती-बागायती करणारा आणि गावोगावी संघटित. १९८८ नंतरच्या काळात बांधकाम व्यावसायिकांचे आक्रमण वाढले आणि हिरव्या पट्ट्यावर संकट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली व हजारो माणसे रस्त्यावर आली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. आपली गावे तीत समाविष्ट करण्यास ग्रामस्थांनी विरोध केला, आणि त्याच वर्षी विवेक पंडित त्या प्रश्नावर विधानसभेत निवडून गेले. पंडित ख्रिस्ती नाहीत. ख्रिस्ती ग्रामस्थांनी त्यांना साथ दिली ती पाण्यासाठी, जमिनीसाठी आणि ग्रामपंचायतीच्या स्वायत्ततेसाठी. पुढे २०१४ मध्ये हितेंद्र ठाकूर यांनी ही जागा पुन्हा जिंकली. मतदाराचा कौल असा बदलतो, तेव्हा एका धर्मश्रद्धेने मत कायमचे बांधले जाते हे म्हणणे टिकत नाही.

येथेही तोच ख्रिस्त आणि तोच बायबल आहे. पापाची शिकवण वसईच्या वेदीवरूनही दिली जाते. तरीही तेथील माणूस मोर्चात जातो, कारण त्याच्याजवळ जमीन आहे, संख्या आहे आणि त्याच्या दुःखाला आपले दुःख मानणारा शिकलेला वर्ग त्याच्याच गावात आहे. अहमदनगर व जालना भागात महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्यांजवळ यांपैकी फारच थोडे होते. म्हणून बाबासाहेबांचे दुसरे कारण आम्हांस अधिक मूलगामी वाटते. पहिल्याच कारणावर बोट ठेवून थांबणे हा त्यांच्या विवेचनावर अन्याय होय.

या दोन कारणांना तिसऱ्याची जोड द्यावी लागेल, आणि ते कारण म्हणजे कायदा. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ३ जागा भारतीय ख्रिश्चनांना दिल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडात मात्र ११२ जागांपैकी एकही त्यांच्या वाट्याला आली नाही. रिसोड-वाशीमचा परिसर याच वऱ्हाडातला. सोलापूरचे भाषण झाले त्याच वर्षी, १९३८ मध्ये, वाशीम येथे नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पीचर यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. वऱ्हाडातील ख्रिस्ती श्रद्धेचा सार्वजनिक आविष्कार असा रुग्णसेवेतून व शिक्षणातून झाला. ही सेवा आम्ही गौण मानीत नाही. रोग्याची शुश्रूषा हेही नागरिकाचेच काम आहे आणि भगवान बुद्धांनी तर आजारी भिक्खूची सेवा स्वतः केली. परंतु सेवेतून कृतज्ञता निर्माण होते, प्रतिनिधित्व निर्माण होत नाही. प्रतिनिधित्वासाठी कायद्यात जागा असावी लागते.

स्वातंत्र्यानंतर ही जागा आणखी आकुंचित झाली. संविधान सभेत १९४९ साली अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रस्ताव सोडून देण्यात आला. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते व त्यांचा या निर्णयाला पाठिंबा होता. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधून टाकला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्याबाहेर आहे.

मतदानाचा हक्क त्याला आहे. राखीव जागेवर उभे राहण्याचा नाही. या भेदाचे परिणाम न्यायालयांच्या निकालांतून स्पष्ट दिसतात. भंडाऱ्याचे गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेले म्हणून राखीव जागेसाठीचा त्यांचा अर्ज नाकारला गेला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरविला, कारण पंथ बदलला तरी ते महारच राहिले होते. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांना मात्र, त्यांनी उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला या कारणाने, त्याच न्यायालयाने अपात्र ठरविले. कर्नाटकातील कोलारच्या सुवर्णखाण भागातील राजगोपाल यांची १९६७ ची निवड ख्रिस्ती ठरवून रद्द झाली. १९७२ ची त्यांची निवड, ते हिंदू धर्मात परतले व जातीने त्यांना स्वीकारले हे मान्य झाल्यावर, टिकली. राजकारणात यायचे तर श्रद्धा लपवा किंवा सोडा, असाच धडा या निकालांतून सामान्य माणसाने घेतला असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

आज वाशीम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. शेजारचा रिसोड खुला आहे. रिसोडचा बौद्ध मतदार वाशीममधून उमेदवारी दाखल करू शकतो. त्याच वस्तीतील, त्याच आजोबांचा नातू असलेला ख्रिस्ती चुलतभाऊ ती करू शकत नाही. मग तो सार्वजनिक जीवनात दिसत नाही म्हणून त्याच्या धर्माकडे बोट दाखविणे हे अर्धेच सत्य ठरते.

येथे आमच्यातील काहींच्या मनात असलेली भीती आम्ही जाणतो. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला गेला. ख्रिस्ती दलित आत आले तर आमचा वाटा कमी होईल, असे म्हटले जाते. ही भीती खोटी नाही. संख्येनुसार वाटा वाढविण्याची मागणी त्याबरोबरच केली पाहिजे. परंतु ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून सवलत नको’ हा युक्तिवाद आम्हांला करता येणार नाही. तो बाबासाहेबांच्या लेखनाविरुद्ध जातो. शिवाय धर्म बदलल्याने सामाजिक व आर्थिक स्थिती बदलत नाही, याच आधारावर १९९० मध्ये आम्हांला हक्क मिळाला. १९५६ पासून चौतीस वर्षे ज्यांनी तो हक्क मागितला, त्यांनीच आता दार लावून घेणे धम्माला शोभणारे नाही.

सोलापूरचा प्रश्न आम्हांलाही लागू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांहून अधिक, तर ख्रिस्ती सुमारे ११ लाख आहेत. संख्या असूनही आमचा शिकलेला वर्ग नोकरीत रमला काय? आमच्या विहारांत वंदनेनंतर मतदारयादीची, ग्रामसभेची, पाण्याची चर्चा होते काय? महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या अभ्युदयाचे जे सात नियम आहेत, त्यांतील पहिलाच वारंवार सभा भरविण्याचा आणि त्या सभांना मोठ्या संख्येने उपस्थित राहण्याचा आहे. धर्म आणि नागरी जीवन यांचा संबंध भगवंतांनी इतक्या व्यावहारिक ठिकाणी जोडला आहे. बाबासाहेबांचे १९३८ चे भाषण ख्रिस्ती बांधवांच्या उणिवांचा पुरावा म्हणून उद्धृत करण्यापूर्वी अभ्यासकांनी ते आपल्या विहारात एकदा मोठ्याने वाचावे, आणि त्या वाचनास गावातील ख्रिस्ती बांधवांनाही बोलवावे, एवढीच आमची विनंती आहे.