प्राण्याचे चित्र आणि चित्रकाराची सही : सातारा-सांगली परिसरातील बालकलाशिक्षणाच्या संदर्भात

लोककलेच्या प्रेरणेने मुलांना प्राणी रंगवावयास शिकविणे हा उपक्रम शालेय चित्रकलेच्या तासात आता रुळला आहे. त्याची रीतही ठरून गेली आहे. हरिण, मोर वा हत्ती यांची बाह्यरेषा दिली जाते, तिच्या आत ठिपके व रेघा भरावयास सांगितले जाते आणि खाली ‘गोंड शैली’ असे लिहिले जाते. चित्र देखणे होते, हे मान्यच करावे लागेल. मात्र या देखणेपणात मूल प्राणी पाहावयास शिकते काय, हा प्रश्न शिल्लक उरतो.

मध्य प्रदेशातील पाटणगढ गावच्या जनगढसिंह श्याम यांना १९८०च्या दशकाच्या आरंभी जे. स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले, तेव्हा भिंतीवरील चित्र कागदावर उतरले. जनगढ २००१ मध्ये जपानमध्ये निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या चित्रकारांनी आकृतीच्या आत भरावयाची आपापली खूण घडविली. जाणकार ही खूण पाहून चित्रकार ओळखतो. म्हणजे ज्याला वर्गात ‘नक्षी’ म्हटले जाते, ती वस्तुतः चित्रकाराची सही होय. चाळीस मुलांकडून एकच नक्षी भरून घेणे म्हणजे त्यांना दुसऱ्याची सही गिरवावयास लावणे होय.

अनुकरण मुळातच त्याज्य आहे, असे नव्हे. भज्जू श्याम हेही काका जनगढ यांच्या हाताखाली भरणकाम करीतच शिकले. पण तेथे ती शिकण्याची पायरी होती. येथे एका तासिकेत तेच साध्य मानले जाते. भज्जूंचे ‘द लंडन जंगल बुक’ (तारा बुक्स, २००४) या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. लंडनमध्ये भिंती रंगविण्यासाठी गेलेल्या या चित्रकाराने बिग बेनचे घड्याळ कोंबड्याच्या रूपात, तर विमान उडणाऱ्या हत्तीच्या रूपात रंगविले. वेळ सांगणारे ते घड्याळ आणि वेळ सांगणारा तो कोंबडा, इतका सरळ हा विचार आहे. अपरिचित जग समजून घेण्याचे साधन म्हणून येथे प्राणी येतो. तो केवळ सजविण्याची वस्तू नाही. वर्गात नेमका हाच भाग गळतो.

याचे एक कारण परीक्षापद्धतीत सापडते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र व संकल्पचित्र हे स्वतंत्र विषय आहेत. पाहिलेले एका कागदावर, रचलेले दुसऱ्या. भज्जूंच्या चित्रात ही दोन्ही कामे एकाच रेषेत होतात. परीक्षेच्या चौकटीत वाढलेला शिक्षक लोककलेला संकल्पचित्रात बसवितो आणि स्मरण बाहेर राहते.

वास्तविक या दोन जिल्ह्यांतील मुलाजवळ स्मरणाची उणीव नाही. माण, आटपाडी, जत हा खिलार बैलांचा मुलूख आहे. पुसेगाव व खरसुंडीच्या यात्रांतील जनावरांचे बाजार प्रसिद्धच आहेत. आषाढातील बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, अंगावर रंगाचे ठसे उमटतात, झूल चढते. जिवंत जनावराच्या अंगावरच नक्षी काढण्याची ही रीत मुलाने दरवर्षी पाहिलेली असते. कुंभाराकडून आणलेला मातीचा बैल त्याने हाताळलेला असतो. शिराळ्याकडील मुलाला उसात शिरणारा बिबट्या ठाऊक आहे, भिलवडीच्या मुलाला कृष्णेतील मगर. तरीही वर्गातील फळ्यावर हरिण येते, ही गोष्ट चिंत्य आहे.

अशा वेळी शिक्षकाने बाह्यरेषा न देता दोन प्रश्न विचारावेत : हे जनावर कुठे पाहिलेस, आणि त्याच्या आसपास काय होते? बिबट्याच्या अंगात उसाची पाती भरता येतील, बैलाच्या वशिंडावर घोंगडीची वीण येईल, मगरीच्या पाठीवर हळकुंडाची पेरे. भज्जूंनी कोंबड्यात घड्याळ पाहिले, तसे मुलाला ट्रॅक्टरमध्ये बैल दिसेल किंवा दिसणारही नाही. अशा चित्रांना गुण देणे कठीण जाईल, कारण चाळीस कागद एकमेकांशी जुळणार नाहीत. प्रदर्शनात मात्र चित्राखाली ‘गोंड शैली’ या मोघम शब्दांऐवजी भज्जू श्याम हे नाव व त्यांच्या गावाचा उल्लेख यावा, आणि शेजारी मुलाने स्वतः घडविलेली खूण.