मध्यकाचें स्नान

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत एका सरकारी अहवालाचें परीक्षण कां, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडेल. आमचें उत्तर सरळ आहे. ज्या लेखनाच्या भरंवशावर माणसें आपल्या वृद्ध आईबापांचा हात धरून नदींत उतरतात, त्याहून अधिक बारकाईनें वाचण्याजोगें दुसरें लेखन कोणतें? कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. असा अहवाल फसला तर त्याचा हिशेब कोणाच्या तरी घरीं, अंथरुणापाशीं बसून करावा लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें ठेवलेला, प्रयागराजच्या महाकुंभांतील नदीजलाविषयींचा २८ फेब्रुवारी २०२५ चा अहवाल आम्ही येथें विचारास घेतला आहे. पर्वकाळ १३ जानेवारीस सुरू होऊन २६ फेब्रुवारीस, महाशिवरात्रीच्या दिवशीं, संपला. म्हणजे अहवालावर तारीख पडली ती शेवटचें स्नान होऊन दोन दिवसांनीं. याच मंडळाच्या आधींच्या अहवालावरून १७ फेब्रुवारीस न्यायाधिकरणानें असें नमूद केलें होतें कीं, तपासणीच्या सर्व ठिकाणीं निरनिराळ्या प्रसंगीं विष्ठाजन्य जंतूंच्या बाबतींत पाणी स्नानाच्या कसोटीस उतरलेलें नाहीं. नव्या अहवालाचा निष्कर्ष मात्र उलट आहे: संख्याशास्त्रीय विश्लेषण करतां पाणी स्नानयोग्य होतें. नद्या त्याच, मंडळ तेंच. बदलली ती आंकडे वाचण्याची रीत. आमच्या टीकेचा विषय ही रीत होय.

ज्या जंतूंची ही गणना आहे ते कोलिफॉर्म बहुतांशीं स्वतः रोग करीत नाहींत. ते वर्दी देणारे आहेत. माणसांच्या व जनावरांच्या आंतड्यांत त्यांचा वास. पाण्यांत ते सांपडले म्हणजे मैला तेथवर पोंचला आहे, आणि त्याच्या सोबतीनें पटकी-विषमज्वराचे जंतूही येऊं शकतात, असें समजावयाचें. १०० मिलिलिटर पाण्यांत त्यांची संख्या ५०० पर्यंत असणें इष्ट, आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असा स्नानाच्या पाण्याविषयींचा आपल्याकडील नियम आहे. ही संख्या कोणी एकेक जंतु मोजून काढीत नाहीं. पाण्याचे लहानमोठे हिस्से पोषक रसाच्या नळ्यांत घालतात, कोणत्या नळ्यांत वाढ झाली तें पाहतात, आणि कोष्टकावरून ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ ठरवितात. पांच-पांच नळ्यांच्या तीन ओळी लावल्या तरी खरी संख्या कोष्टकांतील आंकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा तिपटीएवढी असूं शकते. एकेका नमुन्याचा आंकडा कितीही कडक इस्त्रीचा सदरा घालून आला तरी आंतला गडी असा सैल आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मंडळाची रीत पाहूं. गंगेवर पांच आणि यमुनेवर दोन जागीं, १२ जानेवारीपासून आठवड्यांतून दोनदा व पर्वस्नानांच्या दिवशींही, नमुने घेतले गेले. एकाच जागीं निरनिराळ्या दिवशींचे आणि एकाच दिवशीं निरनिराळ्या जागांचे आंकडे फार भिन्न आले. सबब ते संपूर्ण प्रवाहाचें गुणमान दाखवीत नाहींत आणि म्हणून विश्लेषण आवश्यक झालें, असें अहवालाचें म्हणणें. मग मध्यक काढण्यांत आला. सर्व आंकडे लहानाकडून मोठ्याकडे ओळीनें मांडले असतां जो बरोबर मधोमध येतो तो मध्यक. विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा मध्यक १,४०० निघाला. मर्यादा २,५०० ची. तेव्हां पाणी उत्तीर्ण.

मध्यक वापरणें हीच लबाडी, असें म्हणणारांच्या पक्षांत आम्ही नाहीं. जंतूंचे आंकडे दहापटीनें, शंभरपटीनें उड्या मारतात, आणि एखाद्याच अवाढव्य आंकड्यानें साधी सरासरी पार ओढून नेली जाते. अशा वेळीं मध्यक घेणें शास्त्रसंमतच आहे. परंतु त्याला विचारावें काय, हाही प्रश्न आहे. आम्ही सात आंकडे कल्पनेनें मांडतों: २००, ४००, ७००, १,४००, ९,०००, २०,००० आणि ५०,०००. यांचा मध्यक १,४०० च. सातांपैकीं तीन दिवस मर्यादा ओलांडलेली, एक दिवस तर वीसपट. तरी मध्यक हूं कीं चूं करीत नाहीं. शेवटचा आंकडा ५०,००० ऐवजीं पांच लाख केला तरीही तो १,४०० च राहतो! साधी सरासरी सुमारें ११,७०० निघेल; आणि लॉगॅरिथमच्या वाटेनें जाणारी, अशा आंकड्यांस विशेष मानवणारी भूमितीय सरासरी सुमारें २,५५० येईल, म्हणजे पाणी केसभरानें नापास. हे आंकडे प्रयागचे नव्हेत, हें पुन्हां सांगतों. एकाच राशींतून तीन निर्णय कसे निघतात एवढेंच दाखवावयाचें आहे.

याच विश्लेषणांत विरघळलेल्या प्राणवायूचा मध्यक ८.७ आणि जैविक प्राणवायू-मागणीचा २.५६ दिला आहे. मर्यादा अनुक्रमें किमान ५ आणि कमाल ३ मिलिग्रॅम, दर लिटरास. या राशी जंतूंसारख्या बेफाम नसतात, त्यांना मध्यक त्या मानानें शोभतो. जंतूंनाही तीच टोपी घातली गेली.

अहवालांतील एक मुद्दा मात्र आम्हांस फार मोलाचा वाटला. प्रत्येक नमुना ज्या क्षणीं व ज्या जागीं घेतला त्या क्षणाचें व त्या जागेचेंच पाणी दाखवितो, असें त्यांत तज्ज्ञांच्या आधारें सांगितलें आहे. अगदीं खरें. पण स्नान करणारा तरी दुसरें काय करतो? मौनी अमावास्येच्या पहांटे तो एका घाटावर, एका क्षणीं बुडी मारतो. संपूर्ण प्रवाहांत आणि संपूर्ण पर्वकाळांत मिळून स्नान केलेला मनुष्य अद्यापि जन्मास यावयाचा आहे! जें विधान आंकड्यांची उणीव म्हणून पुढें केलें आहे, तेंच स्नान करणाराच्या दृष्टीनें त्यांचा गुण आहे. नदीची सर्वसाधारण प्रकृति कशी, हा एक प्रश्न. मी आज येथें उतरूं काय, हा दुसरा. मध्यक पहिल्याचें उत्तर आहे. ‘स्नानयोग्य’ हा शब्द दुसऱ्याच्या उत्तराचा आहे, आणि तो पहिल्याच्या उत्तराला चिकटविला गेला.

हा घोटाळा नवा नाहीं. लंडनमध्यें १८४८-४९ च्या पटकीचे आंकडे विल्यम फार या थोर संख्याशास्त्रज्ञानें १८५२ सालीं मांडले. टेम्स नदीपासून वस्ती जसजशी उंचावर, तसतसें मृत्यूंचें प्रमाण कमी, असा नियम त्यास आढळला, आणि तो आंकड्यांशीं इतका सुरेख जुळला कीं दूषित हवेचा सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखें वाटलें. जॉन स्नो यानें १८५४ च्या सांथींत शहराचे आंकडे एकत्र कालविले नाहींत, उलट वेगळे केले. एकाच गल्लींतील शेजारच्या घरांना दोन निरनिराळ्या कंपन्यांचें पाणी येत असे. एक कंपनी शहरांतील गढूळ टेम्समधून पाणी उपसी. दुसरीनें १८५२ सालींच आपलें पाणी घेण्याचें ठिकाण वरच्या अंगास नेलें होतें. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या दर १०,००० घरांमागें ३१५ मृत्यु, दुसरीच्या ३७. स्नोनें लंडनचा एकच आंकडा काढला असता तर तोही निर्दोष गणितानेंच निघाला असता, आणि त्यानें कोणाचाही जीव वांचला नसता. फारची थोरवी अशी कीं, १८६६ च्या सांथींत त्यानें स्वतःच पूर्व लंडनच्या पाण्याकडे बोट दाखविलें.

युरोपांतील २००६ च्या नियमांत नदी-सरोवरांतील स्नानाच्या पाण्यासाठीं मध्यक विचारीत नाहींत. शंभरांपैकीं पंच्याण्णव किंवा नव्वद वेळां आंकडा कोठल्या रेषेखालीं राहील तें विचारतात. अमेरिकेच्या २०१२ च्या शिफारशींत भूमितीय सरासरीच्या जोडीला, शेंकडा दहांहून अधिक नमुन्यांनीं ओलांडूं नये अशी वेगळी रेषा आहे. युरोपच्या नियमांतही अल्पकालीन दूषणाचे कांहीं नमुने वगळण्याची सवलत आहेच. मात्र त्या काळांत लोकांस सावध करण्याची अट तिला बांधलेली आहे.

आमच्या वाचकांस हें सारें दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. रामकुंड हें गंगेसारखें विस्तीर्ण पात्र नव्हे. बांधीव कुंडांत मोजकें पाणी आणि अमोज माणसें. तेथें दर नमुन्याचा आंकडा जागा, तारीख व वेळ यांसह छापावा. कुंडाच्या पायऱ्यांपाशीं, चपला काढतांना दिसेल असा, मराठींत लिहिलेला एक फळा असावा. त्यावर शेवटच्या तपासणीचा आंकडा आणि ती तपासणी कितव्या दिवशींची, हें लिहावें, कारण प्रयोगशाळेचें उत्तर यावयास एक-दोन दिवस जातात. त्याखालीं गेल्या वीस नमुन्यांपैकीं किती २,५०० च्या वर गेले तें लिहावें. मध्यकासही आमची ना नाहीं. तळाशीं जागा उरली तर त्यालाही एक ओळ द्यावी.