आपेगावचा पखवाज: शंकरबापूंची कारकीर्द कशी वाचायची?

पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांबद्दल काहीही वाचायला घ्या, गोष्ट एकाच वळणाने जाते. आधी गावातला भजनाचा मृदंग, मग शास्त्रीय मैफल, मग १९८६ ची पद्मश्री. म्हणजे पायरी-पायरीने वर. मला ही मांडणीच पटत नाही. का ते सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करू. हे आपेगाव पैठणजवळचं, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं नव्हे. हे बीड जिल्ह्यातलं, अंबाजोगाई तालुक्यातलं.

आता वाद्य बघा. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात आणि धृपदवाले पखवाज म्हणतात, ते मुळात एकच. उजवीकडे शाई, डावीकडे ओली कणीक, तळहाताची खुली थाप. बदलतं ते काम. एकल वादनात लेहरा सोबतीला असतो. चौतालाच्या बारा मात्रांत वादक परण आधी तोंडाने म्हणतो, मग वाजवतो. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच. कीर्तनात लेहरा नसतो. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यालाच धरायचा, बुवा बोलायला लागले की थांबायचं, चरण आला की नेमकं समेवर उतरायचं, आणि गजराला लय चढवत टाळकऱ्यांना सोबत न्यायचं.

मैफलीने वादकाकडे वेगळी तयारी मागितली, हे खरंच. पण वेगळी म्हणजे वरची नव्हे.

तुम्ही म्हणाल, शब्दांचाच तर फरक आहे. नाही. खरा प्रश्न शिष्यांचा आहे. बापूंचे पुत्र उद्धवबापू आपेगावकर नामवंत पखवाजवादक, त्यामुळे ते प्रत्येक नोंदीत येतात. पण सप्ताहात मृदंगाशेजारी बसून रात्रभर हात बघणारा पोरगा कुठल्या वंशावळीत येतो? त्याने गंडा बांधलेला नसतो, रंगमंचावर तो कधी जात नाही. गावाचं भजन मात्र तोच चालवतो. कारकीर्द शिडीसारखी मांडली की अशी माणसं आपोआप गळतात. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यातल्या तक्त्यात नेमकं हेच झालं होतं: फक्त मैफलीचे कलाकार.

तो तक्ता मी आता मोडलाय. शिष्य कोण, हे ठरवताना पहिला प्रश्न ‘कुठे वाजवलं?’ हा नाही. ‘कुणाकडे बघून हात बसला?’ हा आहे. पुढच्या सप्ताहाला गेलात तर मृदंग्याला तेवढं विचारून बघा.