धुरातले सव्वीस टक्के

मोटारीच्या धुराबरोबर वाया जाणारी उष्णता पुन्हा इंधनात साठवता येईल, ही कल्पना विज्ञानविषयक लेखांतून वरचेवर भेटते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग मागे वळवायचा, त्यात थोडे पेट्रोल फवारायचे, ते मिश्रण ऱ्होडियमसारख्या उत्प्रेरकावरून न्यायचे आणि तयार झालेला हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड पुन्हा सिलिंडरात सोडायचा. यालाच उत्प्रेरकी रिफॉर्मिंग म्हणतात. कल्पना सुंदर आहे. आमची तक्रार तिच्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या हिशेबाविषयी आहे. आणि हा हिशेब आम्हीही व्याख्यानांतून सांगत आलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

हिशेब असा. पेट्रोलचा प्रतिनिधी म्हणून आयसोऑक्टेन घेऊ. त्याचा एक मोल जळला की सुमारे ५,०६५ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच मोल वाफेच्या ८ मोलांबरोबर रिफॉर्म झाला, तर कार्बन मोनॉक्साइडचे ८ आणि हायड्रोजनचे १७ मोल तयार होतात. पहिल्याची ज्वलनउष्णता मोलमागे २८३ व दुसऱ्याची २४२ किलोज्यूल. बेरीज ६,३७८. म्हणजे इंधनाची ऊर्जा जवळजवळ २६ टक्क्यांनी वाढली, आणि ती आली धुराच्या उष्णतेतून! येथपर्यंत हेसचा नियम अगदी बरोबर वापरला आहे. फळ्यावर हे मांडले की वर्गही खूश होतो.

पण एवढी उष्णता त्या वायूत आहे का, हे कोणी विचारत नाही. एक मोल आयसोऑक्टेन हवेत पुरते जळले की वाफ, कार्बन डायॉक्साइड व नायट्रोजन मिळून सुमारे ६४ मोल वायू बाहेर पडतो. त्यातला चौथा भाग, म्हणजे १६ मोल, मागे वळवला असे धरू. त्याचे तापमान ७०० अंश सेल्सियसवरून ५०० वर आले, तर अंशाला मोलमागे ३५ ज्यूल या दराने ११२ किलोज्यूल उष्णता सुटते. ५,०६५ पुढे ११२ म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के! वायू याहून थंड होऊ द्यावा, तर क्रिया मंदावते आणि हायड्रोजनऐवजी मिथेन वाढू लागतो. उरलेल्या तीन चतुर्थांश वायूची उष्णता नळीच्या भिंतीतून आत देता येते, हे खरे. पण बॉनेटखाली त्यासाठी जागा हवी आणि गाडी सुरू होताच ते सारे तापायलाही हवे. म्हणून अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या प्रयोगांत उत्प्रेरकापर्यंत थोडा ऑक्सिजन पोचू दिला. थोडे इंधन तेथेच जळते आणि क्रिया गरम राहते. अर्थात तेवढी ऊर्जा आपल्याच खिशातून गेली.

मग लाभ होतो तो कशाने? मागे वळवलेला वायू सिलिंडरात मिसळला, की ज्वलन थंड होते, भिंतींवाटे उष्णता कमी जाते, नॉकिंग घटते. थ्रॉटल अधिक उघडा ठेवता येत असल्याने हवा ओढण्याचे कष्टही वाचतात. अडचण एकच, वायू फार झाला की ज्योत रेंगाळते आणि शेवटी विझते. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीहून कित्येक पट वेगाने धावते, म्हणून तो थोडा असला तरी मिश्रण पेट घेते. आमच्या मते हायड्रोजनचे खरे काम हेच. तो येथे इंधनापेक्षा चूड म्हणून अधिक उपयोगी आहे.

याला पुरावा टेक्सासमधील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या इंजिनाचा. तेथे चारपैकी एका सिलिंडरला जादा पेट्रोल देतात आणि त्याचा सगळा धूर चौघांनाही पाजतात. अपुऱ्या ज्वलनातूनच हायड्रोजन तयार होतो. त्यासाठी ना उत्प्रेरक लागतो, ना धुराची उष्णता. उलट रिफॉर्मिंगमध्ये थोडी ऊर्जा खर्चीच पडते. तरीही इंधनाची बचत दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे या संस्थेने सांगितले आहे. उष्णता परत मिळवणे हेच लाभाचे मूळ असते, तर हे इंजिन तोट्यात जायला हवे होते.

उत्प्रेरकी पद्धत टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. काजळी आणि गंधक ऱ्होडियमला निकामी करतात, या जुन्या दुखण्यावर काम चालू आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात आणि इथेनॉल तुलनेने कमी तापमानाला रिफॉर्म होते. शिक्षकांनी वरचाच हिशेब इथेनॉलसाठी मुलांकडून करून घ्यावा: एक मोल इथेनॉल, एक मोल वाफ, मिळतात कार्बन मोनॉक्साइडचे २ व हायड्रोजनचे ४ मोल. इथेनॉलची ज्वलनउष्णता १,२३५ किलोज्यूल धरावी. टक्केवारी काढून झाली, की लगेच धुरातल्या वायूचे मोल मोजायला सांगावेत.