जलमंदिरं, संगणक आणि गायब झालेले राजे

स्टीफन लान्सिंग यांचं 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' (१९९१) हे पुस्तक संशोधन करू पाहणाऱ्यांनी दोनदा वाचावं असं मला वाटतं. पहिल्या वाचनात ते पटतंच. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घ्या.

आधी भूगोल बघू. बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत. बेटावर ज्वालामुखींची रांग आहे आणि तिथून दक्षिणेला उतरणाऱ्या नद्यांनी मऊ खडकात खोल घळी कापल्यात. म्हणजे नदी शेताशेजारून वाहते, पण तिचं पाणी शेताला मिळत नाही. मग वर कुठेतरी बंधारा घालायचा, बोगद्यांतून आणि पाटांतून पाणी लांब न्यायचं आणि उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत सोडायचं. असं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे 'सुबाक'. पाळ्या ठरतात जलमंदिरांत. त्यांतलं सगळ्यांत वरचं मंदिर बातूर सरोवराच्या वरच्या कड्यावर आहे.

१९७० च्या दशकात हरितक्रांती आली. नवं बियाणं पेरा, खत टाका, जमतील तितकी पिकं घ्या, असा सरकारी आग्रह होता. मंदिराचं वेळापत्रक मोडलं आणि मागोमाग तपकिरी तुडतुडे आले, पाण्याची टंचाई आली. लान्सिंग यांचं उत्तर साधं आणि जबरदस्त आहे. मोठ्या पट्ट्यातली शेतं एकदम पडीक राहिली तर किडीला खायला काही उरत नाही. पण सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. मंदिरांचं जाळं या दोन्हींमधला तोल सांभाळत होतं. वरच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसते, मग तो खालच्याचं का ऐकेल? कारण खालच्याने वेगळ्या वेळी भात लावला, तर कीड वरच्याच्याही शेतात येणार! पुस्तकातला हा भाग मला अजूनही आवडतो.

मग येतं मॉडेल. ऊस आणि पेतानू या नद्यांच्या दरम्यानचे १७२ सुबाक संगणकावर मांडले. १९९३ च्या लेखात लान्सिंग आणि क्रेमर यांनी आणखी पुढे जाऊन नियम दिला: शेजाऱ्याचं पीक जास्त आलं तर त्याचं वेळापत्रक उचला. थोड्याच फेऱ्यांत मंदिरांच्या जाळ्यासारखी रचना आपोआप तयार झाली. वर राजा लागला नाही.

इथे जरा थांबा. मॉडेल सांगतं, राजाशिवाय असं घडू शकतं. बालीत तसंच घडलं, हे ते सांगत नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर कागदपत्रांनी भरायचं असतं, आणि पुस्तक तिथे घाई करतं. सिंचनातूनच निरंकुश राजसत्ता जन्मते, असं विटफोगेल म्हणाले होते. त्याला उत्तर देण्याच्या भरात गीर्ट्झ यांच्या 'नेगारा' (१९८०) प्रमाणेच लान्सिंगही राजाला पाण्यापासून फार लांब नेऊन ठेवतात.

आता तारखा बघा. १९०६ मध्ये बादुंगचा दरबार डचांच्या बंदुकांसमोर चालत जाऊन संपला, १९०८ मध्ये क्लुंगकुंगचा. लान्सिंग तिथे क्षेत्रकार्य करतात ते त्यानंतर सहा-सात दशकांनी. तेव्हा पाटावर राजा दिसत नाही, यात नवल ते काय? त्याला हटवलेलंच होतं! त्या न दिसण्यावरून एकोणिसाव्या शतकाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शुल्टे नॉर्डहोल्ट यांचा मेंगवी राज्याचा इतिहास (१९९६) वाचला की पाणी आणि सरदारांची सत्ता एकमेकांत किती गुंतलेली होती ते दिसतं. ब्रिगिटा हाउझर-शॉयब्लिन यांनी २००३ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त याच मुद्द्यावर थेट हल्ला चढवला. त्यांच्या मांडणीत पारडं राजाकडे जरा जास्तच झुकतं, असं माझं मत. पण पुराव्याबद्दलचा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही. लेखासोबत छापलेल्या इतरांच्या प्रतिक्रिया आणि त्यांना दिलेलं उत्तरही वाचा. वाद कसा घालायचा हे तिथे शिकायला मिळतं.

हा वाद नुसता ग्रंथालयातला नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा यादीत घेतलं, ते लोकशाही आणि समतेवर चालणारी व्यवस्था म्हणून. पाट खणायला मजूर कोणी लावले, जमीन कोणाची होती, कूळ कोण होतं, हे प्रश्न त्या वर्णनात मावत नाहीत. आणि आज हॉटेलांसाठी खाचरं विकली जातात, तेव्हा पैसे कोणाला मिळतात आणि पाण्याची पाळी कोणाची जाते, हे विचारायला सुरुवात नेमकी तिथूनच करावी लागते.