किरणोत्सव आणि कूटार्थ

दगडाच्या पोटी कोणी काही दडवून ठेवले आहे आणि ते उकलण्याचे भाग्य आपल्याच वाट्यास आले आहे, ही कल्पना मोठी मोहक खरी. या मोहातून जगात एक स्वतंत्र वाङ्मयशाखाच निर्माण झाली आहे. राजधानीचे रस्ते, घुमटांची उंची, पायाभरणीचा मुहूर्त, कमानीवरील राशी यांत फ्रीमेसन मंडळींनी किंवा प्राचीन ज्योतिष्यांनी एक गुप्त लेख कोरून ठेवला आहे, असे तीत मोठ्या आवेशाने सांगितलेले असते. ही शाखा वॉशिंग्टनमध्ये फोफावली तोवर तिच्याकडे कौतुकाने पाहता येत होते. परंतु आता तिच्या पारंब्या आमच्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. तेव्हा तिची थोडी चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ पीठाकडे पाहू. वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलची कोनशिला १८ सप्टेंबर १७९३ रोजी खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मेसनांच्या विधीने बसविली, हा इतिहास आहे. त्या शहरात राशिचक्रेही ठिकठिकाणी कोरलेली आहेत. डेव्हिड ओव्हासन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती परिश्रमपूर्वक हुडकून काढून सर्व नगर कन्या राशीस वाहिलेले असल्याचा सिद्धांत मांडला आहे. हुडकण्याचे श्रम स्तुत्य आहेत. पण सिद्धांत? पाश्चात्त्य गणनेप्रमाणे सूर्य कन्येत महिनाभर असतो, आणि बांधकामास तो महिना सोयीचाही असतो. शिवाय कोनशिलेचा विधी वाजतगाजत, मिरवणुकीने झाला. जे भर चौकात झाले त्यास गुप्त कसे म्हणावे, हे आम्हांस कळत नाही. त्याच शहरातील रस्त्यांत जी पंचकोनी चांदणी दाखविण्यात येते, तिची एक बाजू अपुरी आहे. ऱ्होड आयलंड नावाचा रस्ता मध्येच थांबतो. या अपुरेपणाचाही गूढार्थ लावणारे लोक आहेत! जी उपपत्ती आकृती पूर्ण असली तरी खरी आणि अपुरी असली तरी खरी, तिच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

आता लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोल असे ते विवर, तळाशी खारे पाणी, काठावर गोड्या पाण्याची धार, पाण्यालगत कमळजादेवी, आणि गावात दैत्यसूदनाचे देऊळ. या सर्वांवर अलीकडे जे लिहिले व बोलले जाते त्यात मुख्य प्रमेये तीन आढळतात. लवणासुराची कथा ही उल्कापाताची सांकेतिक स्मृती होय. मंदिराचे तारकाकृती विधान हे त्या आकाशस्थ गोलाचे चिन्ह होय. आणि मे महिन्यात मूर्तीवर पडणारे सूर्यकिरण हे ज्योतिषाचे गुपित होय.

कथेपासून आरंभ करू. कथेत असुर भूमीखाली राहत होता आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरील झाकण उडवून त्यास ठार केले. वाचकांनी कथेची दिशा ध्यानात घ्यावी. तीत वरून काही पडत नाही. खालून झाकण उडते. ही कथा जर भूगर्भशास्त्राची संकेतकथा मानावयाची, तर ती उल्कावाद्यांच्या नव्हे, ज्वालामुखीवाद्यांच्या बाजूने साक्ष देईल! वयाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे निघाले होते; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने ते सुमारे पाच लक्ष सत्तर हजार निघाले. दुसरा आकडा खरा असेल तर त्या वेळी आपल्यासारखा माणूसच पृथ्वीवर नव्हता. मग स्मृती कोणाची? कथेचे सरळ मूळ तिच्या नावातच आहे. पाणी खारे, म्हणून असुर लवण. पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस. त्या क्षारांचा लौकिक 'ऐने अकबरी'पर्यंत गेलेला होता. काच आणि साबण करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात, असे अबुल फजल लिहितो. जिभेला कळणारी गोष्ट सांगण्यास गुप्त लिपी कशाला हवी?

तारकाकृतीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ते नाव अर्वाचीन अभ्यासकांनी आकार पाहून दिलेले आहे. एक चौरस त्याच मध्यबिंदूभोवती फिरवीत गेले असता भिंतीला कोन फुटतात. कोनाकोनांस मूर्तींसाठी जागा मिळते आणि उन्हाची छाया दिवसभर खेळत राहते. बेलूर आणि हळेबीड येथेही हेच विधान आहे, व तेथे उल्का पडलेली नाही.

किरणोत्सवाची गोष्ट मात्र अशी झटकून टाकता येत नाही, कारण तेथे पाहण्यासारखे आणि मोजण्यासारखे काही तरी आहे. मे महिन्याच्या मध्यास, मध्यान्हाच्या सुमारास किरणे गर्भगृहातील मूर्तीवर येतात, हे अनेकांनी पाहिले आहे. दर्शनाला जाणाऱ्यांच्या आनंदाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या उडीशी: किरण पडतो, म्हणून शिल्पकाराने तो पाडण्याची योजना केली होती, आणि योजना होती म्हणून तीत रहस्य होते.

सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेले त्याचे अंतर, अयनांताचे दिवस सोडले तर वर्षातून दोनदा तीच येते. म्हणून कोणत्याही झरोक्यातून वा दारातून एका तारखेस आत शिरलेला किरण अयनांतापासून तितक्याच अंतरावरील दुसऱ्या तारखेसही आत शिरतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा किरणोत्सव याचे उत्तम उदाहरण आहे. मंदिर पश्चिमाभिमुख, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण क्रमाने चरणांवर, वक्षावर आणि मुखावर येतात. दोन्ही तारखांच्या मधोमध २१-२२ डिसेंबर येतो. दोहोंकडे अंतर सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांचे. एक उत्सव मानवाने योजिला असेलही, पण दुसरा आकाश फुकट देते. (वाटेत एखादी उंच इमारत आली की किरण अडतात आणि मग सूर्याऐवजी नगररचनेची चर्चा सुरू होते, ही गोष्ट वेगळी.)

या मापाने लोणारकडे पाहिले तर १५ मेचा जोडीदार २८ जुलै निघतो. पण तेव्हा वऱ्हाडावर आषाढ-श्रावणाचे ढग असतात. म्हणून लोणारचा किरणोत्सव वर्षातून एकदाच होतो, असे सर्वांस वाटते.

यावर एक चतुर प्रतिवाद संभवतो. निरयन पंचांगाप्रमाणे वृषभ संक्रांत १४-१५ मेच्या सुमारास येते. तेव्हा शिल्पकाराने संक्रांतीच साधली नसेल काय? प्रतिवाद सुंदर आहे, आणि नेमका तोच त्या पक्षाचा घात करतो. अयनचलनामुळे निरयन संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे ऋतुमानात पुढे सरकते. मंदिर चालुक्य-यादवकाळातले समजले जाते; आठशे वर्षे धरली तर तेव्हाची वृषभ संक्रांत आजच्या मानाने अकरा दिवस आधी, मेच्या आरंभी येत होती. त्या दिवसाच्या आणि आजच्या संक्रांतीच्या क्रांतीत सुमारे तीन अंशांचा फरक पडतो. म्हणजे आज जो मेळ दिसतो तो आजचाच आहे. शिल्पकाराच्या आयुष्यात तो नव्हता. त्यात पुन्हा सध्याची मूर्ती मूळची नसून नागपूरकर भोसल्यांच्या काळी बसविलेली आहे, असे सांगतात. तसे असेल तर किरण मूर्तीच्या नेमक्या कोणत्या अवयवावर पडतो, यावरून पहिल्या स्थपतीचा हेतू काढणे म्हणजे नातवाच्या अंगरख्यावरून आजोबांचे माप घेणे होय.

शिल्पकार ज्योतिष जाणत नव्हते, असे मात्र आमचे म्हणणे मुळीच नाही. ते जाणत होते, आणि जाणतो हे उघड सांगतही होते. आमच्या देवळांत नवग्रह द्वारपट्टीवर आणि दिक्पाल आपापल्या दिशेस असतात, आल्यागेल्याने ओळखावे म्हणूनच असतात. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले आणि राजवाड्याशेजारी प्रचंड यंत्रांची वेधशाळा उभी केली. ज्योतिष लपविणाऱ्याने दगडाची एवढी मोठी सूर्यघटिका बांधली नसती. कूटार्थाच्या वाङ्मयाचा खरा दोष आम्हांस येथे दिसतो. ते उघड अर्थाचा अपमान करते. दैत्यसूदनाच्या भिंतींवर शेकडो आकृती आहेत, अपुऱ्या राहिलेल्या शिखराची कथा आहे. हे सारे ओलांडून वाचकास एका सांकेतिक रेघेकडे ओढत नेले जाते, आणि घरी परतलेल्या विद्यार्थ्यास संकेत आठवतो, एकही मूर्ती आठवत नाही. एका शाळकरी मुलाने आम्हांस उल्केचे सर्व 'पुरावे' घडाघडा म्हणून दाखविले. भिंतीवर काय पाहिलेस, या प्रश्नास मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

आणि लोणारचे जे खरे रहस्य होते, ते कसे उकलले? १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचेच समजले जात होते. मग विवराच्या तळास भोके पाडून खडकांचे नमुने काढण्यात आले आणि त्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली. १९७३ साली ती हकीकत प्रसिद्ध झाली. ती काच सापडली नसती तर उल्कावादास मोठा धक्का बसला असता. हरण्याची तयारी ठेवून मांडलेला तो डाव होता.

तसा डाव किरणोत्सवाच्या पक्षासही मांडता येईल, आणि त्यास खर्च फारसा नाही. झरोक्याची दिशा आणि उंची मोजावी, मूर्तीच्या मूळ पीठाची उंची तपासावी, आणि जुलैच्या अखेरीस चार-पाच दिवस मध्यान्ही गाभाऱ्यासमोर बसून राहावे. पावसाची उघडीप मिळणे दैवाधीन. पण वऱ्हाडात त्या दिवसांत कधी कधी ढग फाटतात आणि घटकाभर कडक ऊन पडते.